एक पान कंधारचं, एक पान लातूरचं

मागच्या रविवारी लातूरला गेले होते. पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह, आणि खांद्याला लॅपटॉप.

वर्षभरापासून एका पोथीच्या मागे आहे. कंधारकडच्या एका शेतकरी घराण्यातली, पणजोबांनी हाताने लिहून काढलेली, सुट्या पानांची. ओव्यांमधलं एक आख्यान आहे... दुसरी प्रत अजून तरी कुठे सापडलेली नाही.

दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, आणि पोथीवर येऊन अडलं. दोघांनाही हवी होती. मग पंचांनी तीही वाटली... एक पान थोरल्याला, एक धाकट्याला, पुन्हा एक थोरल्याला. थोरले अण्णा कंधारला राहिले, धाकटे नाना लातूरला आले. तेव्हापासून बोलणं बंद. पानाची शेवटची ओवी एका घरात अर्धी राहते आणि दुसऱ्या घरात पुरी होते.

नांदेडच्या कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण सुनंदा आणि मी या पोथीची डिजिटल आवृत्ती करतोय. अगदी साधी. एका बाजूला मोबाइलवर काढलेला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर, खाली टिपा. ॲप नाही, पासवर्ड नाही. नेट नसलं तरी पेन ड्राइव्हवरून उघडते, आणि कुणीही उतरवून घ्यावी अशी.

पण 'कुणीही' म्हटलं की दोघांचीही लेखी परवानगी हवी. अण्णांनी सही दिली होती. नानांनी फोटो काढू दिले, पण अट घालून... "माझी पानं वेगळी ठेवा. त्याच्यात मिसळायची न्हाईत. न्हाई पटलं तर माझ्यासमोर सगळे फोटो डिलीट करायचे."

वेगळी ठेवली तर आख्यान कुणालाच वाचता येणार नव्हतं. म्हणून मी एकत्र लावलेला नमुना घेऊन निघाले होते. अजून कुठेही टाकला नव्हता, आधी त्यांना दाखवायचा होता. नाही म्हणाले तर तिथल्या तिथे पुसायचं, हा शब्द दिलेला होता.

नानांच्या घरी पोचले, काकूंनी चहा ठेवला. नानांनी चष्मा लावला. पहिलं पान उघडलं ते अर्थातच अण्णांचं.

"हे माझं न्हाई."

"नाही, नाना. पहिलं त्यांच्याकडे आहे. तुमचं दुसरं."

"म्हंजे मिसळलंत."

"हो... दाखवायला म्हणून. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते."

"पुसा."

वर्षभराचं काम होतं. पण शब्द म्हणजे शब्द. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवायला लागले, तेवढ्यात त्यांनी हात आडवा घातला.

"थांबा. कोपऱ्यात काय हाय ते?"

कोपऱ्यात अंगठा होता. अण्णांनी मला पानांना हात लावू दिला नव्हता. प्रत्येक पान त्यांनी स्वतः धरलं आणि मी फोटो काढला. सुनंदा म्हणाली होती, अंगठे कापून टाकू. पण समासात बारीक अक्षरात दुरुस्त्या आहेत, त्याही गेल्या असत्या... म्हणून राहिले होते.

"अर्धंच नख," नाना म्हणाले. "त्याचाच हाय."

मग त्यांनी स्वतः बाण दाबला. स्वतःचं पान आलं, ते न बघताच पुढे गेले. अण्णांचं दुसरं... तिसरं... मजकुराकडे लक्षच नव्हतं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काही उघडून बघायलेत," काकू मला म्हणाल्या.

"तू चहा बघ, उतू चाललाय," नाना म्हणाले.

एका पानावर ते थांबले. तिथून पुढच्या फोटोंत दोन हात दिसत होते... पान धरलेल्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने आवळलेलं.

"असं का धरलंय?"

"हात थरथरतो त्यांचा. फोटो हलायला लागले, म्हणून..."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून, म्हणाले."

आत चहा खरंच उतू गेला.

"नावं कशी टाकणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ज्याचं पान, त्याखाली त्याचं. आणि सुरुवातीला दोघांची."

"त्याचं अगोदर टाका. थोरला हाय."

सही केली. "अण्णांचा नंबर देऊ का?" मी हळूच विचारलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. काकूंनी मात्र दारापर्यंत येऊन लिहून घेतला.

आवृत्ती आता सगळ्यांसाठी खुली होईल. पहिल्या पानाखाली एक टीप वाढवली आहे... 'पान धरणारा हात थोरल्या भावाचा.'

चांगल्या आवृत्तीत फोटोत बोटं दिसू नयेत म्हणतात. आमच्याकडे स्कॅनर नव्हता, हे किती बरं झालं.