विरजणाची ट्रायल

मिस्त्रींनी फोनवर सांगितलं, "मॅडम, चारी शॉक बसलेत," आणि माझं नशीब असं, की फोन स्पीकरवर होता. आमच्या सासूबाईंनी पलंगावरनंच विचारलं, कुणाला बसला. गाडीला, म्हटलं. तर तिला हात लावू नको, आदी पायात चप्पल घाल, असं म्हणून त्यांनी मला मेन स्विच बंद करायला पिटाळलं. शॉक म्हणजे करंट नव्हे, शॉकअप. ते चाकाजवळ असतात, रस्त्याचे दणके खातात, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, दणके खाणारं बसलं म्हणजे आता दणके आपण खायचे. ते मात्र अगदी बरोबर होतं.

गाडी सोळा वर्षांची. चालवते मी, कारण आमचे हे एक खड्डा चुकवायला हमखास दुसऱ्यात जातात. एरवी बसले असते शॉक तर बसले असते, पण सासूबाई थंडीत न्हाणीत घसरल्या आणि मणक्याला चीर गेली. दोन महिने पलंगावर काढल्यावर डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधून हिंडायला परवानगी दिली. फक्त दणका नको म्हणाले. आणि नेमकी सासूबाईंची थोरली बहीण, आक्का, राधानगरीच्या पलीकडं अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या. आक्काला ऐकू येत नाही, म्हणून सासूबाई ओरडायच्या, ह्या ओरडतात म्हणून ती ओरडायची, आणि एकीचं दुसरीला काही कळायचं नाही. एकदा आक्काला डोळ्यांनी बघायचं, एवढंच सासूबाईंचं मागणं होतं. आक्का किती दिवसांची सोबती आहे हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

आमच्या ह्यांनी भाड्याची मोठी गाडी सुचवली. परक्या ड्रायव्हरला किती वेळा हळू म्हणू, सुनेला तरी बोलता येतं, असं म्हणून सासूबाईंनी ती उडवून लावली. मग शॉकअप निवडायचं काम आलं माझ्या गळ्यात.

उद्यमनगरात मिस्त्रींच्या दारात गाडी लावली आणि तिथं असलेल्या प्रत्येकानं येऊन बॉनेट दाबून पाहिलं. आमच्या कोल्हापुरात दुसऱ्याची गाडी दाबून बघायला ओळख लागत नाही. मिस्त्री म्हणाले गॅसचे घाला, गाडी रस्त्याला चिकटून पळती. एक पावणं म्हणाले गॅसचे कडक असतात, म्हातारीची कंबर जाईल, कंपनीचे तेलाचेच बरे. दुसरे म्हणाले, आहेत त्यातच तेल भरून घ्या. तिसऱ्यांचा तर गाडीशी संबंधच नव्हता, ते ट्रॅक्टरचं काहीतरी घेऊन आले होते, पण त्यांनी डिकीत वाळूची दोन पोती टाकायला सांगितलं, गाडी लोण्यासारखी मऊ होते म्हणे. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच बसा की डिकीत. ते हसत आपलं सामान घेऊन मिस्त्रींकडं वळले.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मिस्त्रीचा मणका कुठं मोडलाय, त्याला काय कळतंय. मग त्यांनी निकाल दिला.

"दूध विरजून देतो. गाडगं मागच्या सीटवर ठेव आणि अर्ध्या रस्त्यापतुर जाऊन ये. दही लागलं तर मला लागणार न्हाय. दही न्हाय लागलं, तर मी बसत न्हाय."

आमच्याकडच्या बायका 'देतो', 'बसतो' असंच बोलतात, आणि एकदा बोलल्या की बोलल्या. विरजणाला धक्का लागला की दही लागत नाही, हे मला काही नवीन नव्हतं. त्यात हे विरजण आक्काचं. सासूबाईंनी कोल्हापुरात संसार मांडला तेव्हा आक्कानं ते डबीतनं दिलं होतं, आणि तेव्हापासनं रोज आदल्या दिवसाच्या दह्यानं दुसऱ्या दिवशीचं दूध विरजत ते चालत आलं होतं. आम्ही गावाला गेलो तर शेजारी ठेवून जायचो.

मिस्त्री आमच्या ह्यांचे वर्गमित्र, म्हणून त्यांनी हा असला कारभार चालवून घेतला. आधी फक्त मागचे दोन गॅसचे बसवले. मी गाडग्याला फडकं गुंडाळलं, सीटबेल्ट लावला आणि वीसच्या वेगानं निघाले. मागं उसाचे ट्रॅक्टर हॉर्न मारून थकले. अर्ध्या वाटेवर चहाला थांबले, गाडी मुद्दाम चैत्राच्या उन्हात ठेवली. टपरीवाला काचेतनं डोकावला आणि आत कोण आहे विचारू लागला. पेशंट आहे, म्हटलं. बिचाऱ्यानं पोरांना गाडीपासनं लांब केलं.

घरी येऊन फडकं सोडलं तर आत ताक. तेही पातळ. सासूबाईंनी त्याची कढी केली आणि जेवताना कढीतलं आलं बोटानं बाजूला काढत गॅसचे न्हाईत चालायचे म्हणाल्या. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, तुमच्या गॅसचं ताक झालं. त्यांना ते फारच लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन कंपनीचे तेलाचे आणून चारी बसवले, टायरची हवा उतरवून दिली, आणि एवढंच नव्हे, तर वाटेतले खड्डे कुठं कुठं आहेत ते कागदावर काढून दिले.

ह्या खेपेला सासूबाईंनी उरलेलं सगळं विरजण खरवडून दुधात घातलं, म्हणजे घट्ट लागेल. त्याच सकाळी आक्काच्या सुनेचा फोन आला होता. आक्कानं परवापासनं भाकरी सोडली होती, नुसत्या पेजेवर होती. गाडगं माझ्या हातात देताना सासूबाईंनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

जाताना पोटातलं पाणी हललं नाही. टपरीवर फडकं सोडून पाहिलं तर वर साय धरलेली, कडेनं दही लागायला लागलेलं. टपरीवाल्यानं पेशंट कसा आहे विचारलं, सुधारतोय म्हटलं. आणि परत येताना, शहरात शिरता शिरता, एका शाळेसमोर सकाळी नव्हता तो स्पीडब्रेकर उभा. ना पट्टा, ना पाटी. नुकताच ओतला असणार. गाडी चढली आणि आदळली. मागं गाडग्यात डुबुक् झालं.

बाजूला घेऊन बघितलं. सगळं फुटलं होतं, चिंधड्या आणि पाणी. एवढी पन्नाशीची बाई मी, शाळेच्या फाटकासमोर दह्यासाठी रडले. मग डोळे पुसले, समोरच्या डेरीत गेले आणि गाडग्यातलं घट्ट दही घेतलं. गाडगं हुबेहूब आमच्यासारखं, हे त्यातल्या त्यात नशीब. आमचं गटारीत ओतलं आणि ह्याला आमचं फडकं गुंडाळलं. विरजण संपलं, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

सासूबाईंनी चमचा घातला, दही वडीसारखं निघालं. त्यांनी ते जिभेवर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"लागलंय की," त्या म्हणाल्या. "सकाळी निघू."

सकाळी पुढचे-मागचे सगळे तेलाचे शॉकअप आणि पाठीला तीन उशा लावून आम्ही निघालो. प्रत्येक खड्ड्यावर मी सासूबाईंना विचारायचे, "आत्या, लागलं काय?" आणि त्या म्हणायच्या, न्हाय लागलं, रस्त्याकडं बघ. राधानगरीच्या पुढचा रस्ता तर रस्ता म्हणायच्या लायकीचा नव्हता. आरशात बघितलं तर त्यांनी डोळे गच्च मिटून सीट धरलेली. तरी न्हाय लागलं.

आक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती, एवढीशी झालेली. सासूबाई तिच्या उशाशी बसल्या आणि पिशवीतनं रिकामी डबी काढली. मला वाटलं होतं गोळ्यांची असेल. ती आक्कासमोर धरून त्या कानात ओरडल्या, "विरजण संपलं गं. सुनंनं डेरीचं दही आणून दावलं मला."

मला वाटलं, ह्या जमिनीनं मला आत्ता पोटात घ्यावं. आणि आक्काला नेमकं एवढंच ऐकू आलं.

"कुठलं?" ती म्हणाली.

"डेरीचं."

आक्का हसायला लागली. दात नाहीत, आवाज नाही, नुसतं अंग हलत होतं. सासूबाई पण हसायला लागल्या, पट्ट्यावर हात दाबून, आणि मग दोघी हसत होत्या का रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. आक्कानं सुनेला खूण केली, डबी भरून आली. निघताना दोघींनी एकमेकींचे हात सोडले नाहीत, ते आम्ही सुनांनी सोडवले.

परत येताना सासूबाईंनी डबी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मी सवयीनं प्रत्येक खड्ड्यावर विचारत होते, त्या मान हलवत होत्या. राधानगरी मागं पडली आणि नव्या डांबराचा रस्ता सुरू झाला. बराच वेळ मागनं काही हालचाल नव्हती, म्हणून मी उगीचच विचारलं.

"लागलं," त्या म्हणाल्या.

तिथं एकही खड्डा नव्हता.