न पाहिलेला ब्रेक

त्याला सगळे तोफखाना म्हणत. लिफ्ट दुरुस्तीत पंचवीस वर्षं घालवलेला माणूस. हाताला गुण, पण जिभेला लगाम नाही. कुणी पाना न लावता नुसत्या बोटांनी नट आवळून सोडला, की हा जिन्यात उभा राहून असा गरजायचा की वरच्या मजल्यावरची माणसं दारं उघडून बघायची. "माणसं चढतात यात, बटाटे नाहीत!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

रविवारी मात्र हाच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला उभा राहिला की सगळी मंडळी चिडीचूप. आवाजच तसा होता. बायको म्हणायची, "सहा दिवस गोळे आमच्या वाट्याला, आणि सातव्या दिवशी फुलं देवाला."

त्याच्याकडे एका सात मजली जुन्या इमारतीची लिफ्ट होती. दर महिन्याला तपासायची, चौदा रकान्यांच्या कागदावर खुणा करायच्या आणि खाली सही ठोकायची. ब्रेक पाहायचा तर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन झाकण काढावं लागे, फिरता ड्रम दाबून धरणारी पट्टी, म्हणजे लायनर, किती झिजलाय ते मोजावं लागे. वीस मिनिटांचं काम. त्या गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये वाचनाची तालीम होती आणि त्याला उशीर होत होता. मागच्या महिन्यात तर पाहिलाय, असं म्हणत त्याने जिन्यातच कागद भिंतीवर धरला, ब्रेकच्या रकान्यात टिक मारली आणि निघाला. तालमीत त्याचं वाचन झकास झालं.

अकरा दिवसांनी ती लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. आत पाच माणसं होती आणि शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे कापडाचे दोन गठ्ठे. बाई बाहेर पाऊल टाकत होत्या तेवढ्यात, दार उघडं असतानाच, लिफ्ट हातभर खाली घसरली. बाई तोंडावर पडल्या. मागचा पाय कडेला अडकला आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. पायाने मशीन चालवून पोट भरणारी बाई, आणि मोडला तोही उजवा पाय.

तोफखाना धावत आला, गच्चीवर चढला, झाकण काढलं. लायनर पार रिव्हेटपर्यंत झिजला होता. ड्रमवर ओरखडे पडले होते. बोटांना लागलेली धातूची पूड पँटला पुसत तो खाली आला, तर कंपनीचा साहेब उभाच होता.

"ब्रेक तपासला होतास ना?"

"हो."

साहेबाने सुस्कारा सोडला. "मग वजन जास्त झालं. गठ्ठे कुणी चढवले?"

गठ्ठे वॉचमनने चढवले होते. बाईंना एकटीला उचलेनात म्हणून. संध्याकाळपर्यंत वॉचमनला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी तो इमारतीच्या फाटकापाशी तोफखान्याची वाट पाहत थांबला होता. "मिस्तरी, तुम्हीच सांगा, दोन गठ्ठ्यांनी लिफ्ट घसरते?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. त्याऐवजी तोफखाना त्याच्यावरच कडाडला, "सामान नेऊ नये अशी पाटी लावलीय ना? की वाचता येत नाही?" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. वॉचमनने मान खाली घातली आणि गेला.

घरी बायकोने विचारलं, "अहो, तुमची काही चूक नाही ना यात?" त्याने ताट सरकवून दिलं. "तूही आता माझी तपासणी घेणार?"

मग घरात कुणाची धडगत राहिली नाही. बूट जागेवर नाही, नळ टपकतोय, मुलीने दार आपटलं, कशाचंही निमित्त त्याला पुरे. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं ओरडता ते आमच्यावर नाही ओरडत तुम्ही." तिच्यावर हात उगारला गेला. पडला नाही, पण उगारला गेला.

शनिवारी त्याने दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ उघडला. प्रभूला धरून नेलं त्या रात्री अंगणात शेकत बसलेल्या शिष्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. तोफखान्याने पान मिटलं आणि तडक चर्चच्या पाळकसाहेबांचं घर गाठलं.

"उद्या दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा."

"का? घसा बसलाय?"

मग त्याने सगळं सांगितलं. उभ्यानेच. पाळकसाहेब मृदू स्वभावाचे म्हणून ओळखले जात. ते म्हणाले, "प्रभू मोठ्या मनाचा आहे. क्षमा मागा, तो करील."

"एवढ्यावर भागलं?" तोफखाना भडकला. "तिकडे बाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये, वॉचमन घरी बसलाय, आणि मला फुकटात क्षमा? कसला देव आहे हा?"

आता पाळकसाहेब ताडकन उठले. त्यांना इतकं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मग इथे कशाला आलात? चुकीच्या दारात येऊन वर देवालाच दम देताय? क्षमा म्हणजे ग्रीस नव्हे, लावलं की कुरकुर बंद! तो शिष्य बाहेर जाऊन ढसाढसा रडला. तुम्ही काय केलंत? बायकापोरांवर डाफरलात. देव तुम्हाला टाकणार नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण म्हणून वॉचमनला टाकायची परवानगी मिळत नाही. उद्याचा पाठ मी वाचतो. सोमवारी तुम्ही ऑफिसात जा."

रस्त्याने जाताना तो पाळकसाहेबांना शिव्या घालत होता. कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला, आणि कधी नव्हे ते रडला. देवाने काही सांगितल्याचं त्याला ऐकू आलं नाही. तालमीला उशीर होतो म्हणून टिक मारली, म्हणजे आपण देवाच्या नावावर कामचुकारपणा केला, एवढं मात्र लख्ख दिसलं.

सोमवारी त्याने साहेबाच्या टेबलावर लेखी जबाब ठेवला. साहेबाच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. "मिटलेलं प्रकरण उकरतोस? अक्कल गहाण टाकलीस?"

"टाकली होती. सोडवून आणलीय."

त्याला निलंबित केलं. वॉचमनला परत बोलावणं गेलं, पण तो आला नाही. त्याला एका शाळेच्या फाटकावर काम मिळालं होतं. तोफखाना तिथे माफी मागायला गेला.

"नोकरीचं सोडा," वॉचमन म्हणाला. "भररस्त्यात मला वाचता येतं का विचारलंत. माझी पोरगी बाजूला उभी होती. जा तुम्ही. परत येऊ नका."

तो परत गेला नाही.

शिवणाऱ्या बाईंनी दार उघडलं, कुबडीवर रेलून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हात जोडू नका. मला चीड येते. मशीनला मोटर बसवता येते का?" त्याने तीन दिवस खपून मोटर बसवली. त्या एकदाही हसल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "टाका सरळ पडतोय," आणि दार लावून घेतलं.

चार महिन्यांनी कंपनीने त्याला खालच्या जागेवर परत घेतलं. सहीचा अधिकार गेला होता. आता त्याचं काम एक तरुण तंत्रज्ञ मुलगी तपासते, जिला त्यानेच एकदा जिन्यात रडवलं होतं. चर्चमधलं कुणी गोड आवाजात म्हणतं, देवाने तुम्हाला धडा शिकवला, तेव्हा तोफ अजूनही धडाडते. "बाईंचा पाय मोडून देव मला शिकवील? मी मोडला तो! देव फक्त मी पळत होतो तेव्हा आडवा आला."

परवा त्या मुलीने त्याचं काम नापास केलं. लायनर एका बाजूने किंचित तिरका बसला होता. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ हलले. मुलगी एक पाऊल मागे सरकली. तोफखान्याने झाकण परत उघडलं, बोल्ट सैल केले आणि म्हणाला, "सांग, किती?"

"अर्धा मिलिमीटर," ती म्हणाली.