बाईंची पहिली दुरुस्ती

ग्रंथालयातल्या बाई साठीला टेकल्यावर भाचीकडून प्रोग्रामिंग शिकल्या. ग्रंथालयातली पुस्तकांची यादी ज्या प्रोग्रामवर होती तो फुकट मिळायचा. देशोदेशीचे लोक मिळून तो लिहायचे आणि कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकायचं. त्यात पुस्तकांच्या लांबलचक नावांचं शेपूट कापलं जायचं. भागाचा आकडाच दिसत नसल्यामुळे लोक पहिला समजून दुसरा भाग घरी न्यायचे.

बाईंनी ही चूक सुधारली आणि आणखी अकरा दुरुस्त्यांसह एकदम पाठवली. प्रोग्राम सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं, "आधी नियम वाचा. एका वेळी एकच बदल, आणि तो का केला तेही लिहा."

"मला शिकवतात!" बाई फुरंगटल्या.

"मावशी, तू तरी एका कार्डावर चार पुस्तकं देतेस का?" भाची म्हणाली.

दुपारी सामसूम झाल्यावर बाईंनी नियम सावकाश वाचले. पंख्याखाली वर्तमानपत्रांची पानं तेवढी हलत होती. मग त्यांनी नावांची एकच दुरुस्ती पाठवली आणि कारण लिहिलं, 'आमच्या एका वाचक आजोबांना गोष्टीचा शेवट आधी कळला. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.'

चार दिवसांनी बदल स्वीकारला गेला आणि तो प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्या ग्रंथालयांत पोचू लागला. बाई खिडकीपाशी बसून राहिल्या. कधी न पाहिलेल्या गावांत, अनोळखी संगणकांच्या पडद्यांवर, अर्धी नावं हळूहळू पूर्ण होत चालली आहेत, असं त्यांना कितीतरी वेळ दिसत राहिलं.