झुमायाची ओहोटी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आलो तेव्हा माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री होती आणि नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या बाईने नक्की काय करायचं, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी घर इतकं चकाचक ठेवलं की नवरा चपला काढायलाही बिचकायचा. दुसऱ्या वर्षी चिडचिड वाढली. तिसऱ्या वर्षी मी लोकांच्या ट्रिपा आखायला लागले.

आमच्याकडे तेव्हा कुणीही दुसऱ्याची आयटिनररी मागितल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. एक कुटुंब नायगारा करून आलं की त्यांची फाइल पुढची दहा कुटुंबं वापरायची, त्यांनी केलेल्या चुकांसकट. माझ्या फाइली वेगळ्या असायच्या. सकाळी किती वाजता निघायचं, पार्किंग कुठे, बाथरूम कुठे, आणि शेवटच्या रकान्यात ‘भात’. म्हणजे जवळपास भात कुठे मिळेल आणि मिळाला नाही तर हॉटेलच्या खोलीत राइस कुकर लावता येईल का. मंडळाच्या कार्यक्रमांत बायका मला नावाने कमी आणि ‘ती भातवाली’ म्हणून जास्त ओळखायच्या. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

लायब्ररीत एकदा प्रवासाच्या पुस्तकांच्या कपाटापाशी एक सत्तरीचे गृहस्थ पुस्तक नाकाला लावून उभे होते. चेहरा एकीकडे आणि नजर दुसरीकडे. मला वाटलं, वास घेताहेत की काय. शेजारी उभ्या असलेल्या काकू मराठीत म्हणाल्या, “अहो, बंद करा ते, मी वाचते ना घरी.” मी ओळख काढली. दोघं मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षं न्यू जर्सीत. काका रस्ते आणि पूल बांधण्याआधी जमिनीत भोकं पाडून माती तपासणारे इंजिनिअर, आता रिटायर्ड. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग हळूहळू निकामी होत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी वर्षभर कसंबसं.

त्या वर्षात त्यांना एकच गोष्ट बघायची होती. कॉलेजात असताना एका प्राध्यापकांनी स्लाइड दाखवली होती: स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क लोकांच्या मुलखात, झुमाया नावाच्या गावाजवळ समुद्राने उघडे पाडलेले खडक. एकावर एक रचलेले पापड असावेत तसे हजारो थर. त्यांत कुठेतरी एक बोटभर काळसर थर आहे, डायनोसॉर ज्या काळात संपले त्या काळचा. जन्मभर मातीचे नमुने बाटल्यांत भरून पाहिलेल्या माणसाला तो थर एकदा जागेवर पाहायचा होता.

“तू भातवाली ना? मग आमची ट्रिप तूच कर,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसले. काकांनी एक कोरं फोल्डर आणि जाड मार्कर पुढे केला. “मोठ्या अक्षरात लिही. शेवटची ट्रिप.”

“काका, असं काय म्हणता? तसं काही नसतं हो.”

ते एकदम उखडले. “हे बघ, पोरी. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, तुलाही सांगतो. माझ्यासमोर गोड बोलायचं नाही. डोळे चाललेत ते चाललेत, वर तुम्ही खोटं सांगून मला अजून आंधळा करू नका. ज्यूसमध्ये माशी पडली तर माशी पडली म्हणायचं. लिही.”

मी लिहिलं.

पुढचे दोन महिने आठवड्यातून तीनदा मी त्यांना प्रवासाची पुस्तकं वाचून दाखवत होते. सान सेबास्तियानची शिंपल्यासारखी गोल खाडी. गेतारियाची कोळ्यांची वस्ती आणि तिच्यापुढे समुद्रात घुसलेली टेकडी, जिला तिथले लोक चक्क उंदीर म्हणतात. समुद्रातल्या खडकावरचं छोटं चर्च, जिथे शेकडो पायऱ्या चढून घंटा तीनदा वाजवायची असते. “घंटा मी वाजवणार,” काकूंनी लगेच जाहीर केलं, “इतक्या लांब जायचं आणि देवाला कळवायचंही नाही?” बिल्बाओ शहरातलं टायटॅनियमच्या पत्र्यांचं म्युझियम काकूंनी स्वतः निवडलं होतं. बाकी सगळं काकांसाठी होतं, ते एक त्यांच्यासाठी. भाताच्या रकान्यात मी जागोजागी बटाट्याचं ऑम्लेट आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या लिहिलं.

फक्त एक अडचण होती: झुमायाचे खडक भरतीत पाण्याखाली जातात, ओहोटीला उघडे पडतात. पुस्तकात ठळक अक्षरांत होतं: जाण्याआधी वेळापत्रक पाहा.

मी पाहिलं नाही. मी कोकणातली. माझे वडील बंदरावर कारकून होते आणि आमच्या घरी शाळेतल्या पाढ्यांआधी समुद्राचा हिशोब शिकवला जाई. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. चौथ असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाहिलं. त्यांचा झुमायातला दिवस चतुर्दशीचा. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे ओहोटी दुपारी साडेचारला. मी फाइलीत लिहिलं, साडेचार, आणि दोनदा अधोरेखित केलं.

“वेळापत्रक नको का बघायला?” काकांनी विचारलं होतं.

“काका, समुद्राचं मला नका सांगू,” मी म्हणाले. ते हसले. “बरोबर आहे. आम्ही नागपूरचे. समुद्र म्हणजे तुझं डिपार्टमेंट.”

सप्टेंबरात ते गेले. मी घरात बसून त्यांच्या फाइलीच्या प्रतीवर बोट ठेवून त्यांच्याबरोबर चालत होते. आता खाडी, आता उंदीर, आता पायऱ्या. चतुर्दशीच्या दिवशी आमच्याकडे सकाळचे पावणेअकरा वाजले होते. म्हणजे तिकडे पावणेपाच. फोन वाजला. काकू होत्या, किनाऱ्याजवळच्या एका छोट्या हॉटेलातून.

“अगं, इथे दगड नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“पाणी आहे. कड्यापर्यंत नुसतं पाणी. लाटा थेट भिंतीवर आपटताहेत. आम्ही चुकीच्या बीचवर आलो का गं? हे तिथे रेलिंग धरून उभे आहेत.”

मला क्षणार्धात कळलं. पाऊणपटीचा हिशोब आमच्या किनाऱ्याचा. चंद्र सगळ्यांचा एकच, पण प्रत्येक किनाऱ्याचं पाणी आपापल्या वेळेने येतं. वडिलांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना दुसरा किनारा कधी बघायचाच नव्हता. मी कोकणचं पाणी स्पेनमध्ये भरलं होतं.

आणि त्या क्षणी, खरं सांगते, माझ्या जिभेवर खोटं आलं. आज समुद्राला उधाण असेल, असं कधीकधी होतं काकू, तुमचं नशीब बघा कसं. ते खपलंही असतं. समुद्र माझं डिपार्टमेंट होतं.

“काकू,” मी म्हणाले, “बीच बरोबर आहे. मी चुकले. मी टाइमटेबल बघितलंच नाही. आपल्याकडचा हिशोब लावला. तुम्हाला भर भरतीच्या वेळी पाठवलं.”

मग काकूंनी फोनवर हात न ठेवताच मोठ्याने सांगितलं, “अहो, हिने गणित चुकवलंय म्हणे!” लांबून काकांचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत.

“मला अर्धा तास द्या. फोनपासून हलू नका,” मी म्हणाले.

मी कॉम्प्युटर सुरू केला. त्या काळी तो सुरू व्हायला एक चहा होत असे. मी चहा केला नाही, नखं खाल्ली. त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाच मिनिटांत सापडलं. पाच मिनिटांत! दोन महिने मी ते शोधायचे कष्टच घेतले नव्हते. त्या संध्याकाळची ओहोटी अंधारात होती. दुसऱ्या दिवशीची सकाळी अकराच्या सुमारास. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बिल्बाओत असायचं होतं, कारण म्युझियम. परवा सकाळचं विमान, तेही पाच-सहा तास लांबच्या विमानतळावरून.

अर्ध्या तासाने मी हॉटेलात फोन लावला आणि ते जसंच्या तसं सांगितलं. “दोन्ही होणार नाही, काकू. उद्या अकराला तिथे थांबलात तर तिथून थेट विमानतळाकडे निघावं लागेल, बिल्बाओचं म्युझियम गेलंच समजा. तुम्हाला ड्राइव्ह करून दमायला होईल ते वेगळं.”

काकूंनी एक सेकंदही घेतला नाही. “म्युझियम तिथेच राहील. ह्यांचे डोळे नाही राहणार. कॅन्सल कर.”

मी टेबलाशी बसून रडले. मग डोळे पुसून पुस्तकातलं स्पॅनिश वाचत त्या हॉटेलवाल्या बाईशी बोलले आणि त्या रात्रीसाठी खोली मिळवली. एवढं वाईट स्पॅनिश तिने आयुष्यात ऐकलं नसेल. पण खोली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हणजे त्यांच्या दुपारी एकला, फोन आला. यावेळी काका होते.

“थर उभे आहेत, पोरी. स्लाइडमध्ये आडवे धरले होते की काय कोण जाणे, मला इतकी वर्षं आडवेच आठवत होते.” ते भराभर बोलत होते. “तिथे एक मास्तर मुलांना घेऊन आले होते. त्यांना खुणेने विचारलं, तो काळा थर कुठला. त्यांनी माझा हात धरून नेलं. नीट समोर बघितलं की नाहीसा व्हायचा. मग मान वळवली आणि कडेने बघितलं. दिसला. मग बोटाने चाचपला. मऊ लागतो गं. चिकणमाती आहे. मी ओळखतो ना ती.”

मी माझ्या प्रतीत झुमायासमोर बरोबरची खूण केली.

“आणि काल भरती बघितली ते बरंच झालं,” ते म्हणाले. “हे गोड बोलत नाहीये. पाणी कुठवर येतं ते कळल्याशिवाय आज कुठे उभा आहे ते कळलं नसतं. पण तुझं गणित चुकलं ते चुकलंच.”

“हो काका.”

ते परत आले तेव्हा काकूंनी माझ्या फाइलीत स्वतःच्या अक्षरात एक रकाना वाढवून आणला होता. भाताच्या शेजारी ‘भरती-ओहोटी’. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलीत तो असतो, डोंगरातल्या ट्रिपलासुद्धा. लोक हसतात. हसू देत.

त्यांच्या त्याच डायनिंग टेबलाशी काकांनी फोल्डर मागितलं. “घंटा राहिलीये. हिने तीनदा वाजवली, मला एकदाच वाजवू दिली. आणि हिचं म्युझियम राहिलंय. मार्कर दे.”

त्यांनी चाचपून फोल्डर सरळ केलं, मान एका बाजूला वळवली आणि ‘शेवटची’ या शब्दावर ठामपणे रेघ ओढली. रेघ शब्दाच्या खाली पडली. खोडण्याऐवजी अधोरेखित झालं.

“खोडलं ना?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे.

“नाही काका,” मी म्हणाले. “खाली पडली.”

ते जोरात हसले, अगदी मनापासून. “मग बोट धर की माझं. बघत काय बसलीयेस?” मी त्यांचं बोट धरून शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. तिथून त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर मोजत, रेघ शेवटपर्यंत नेली.