रेकॉर्डवरचा मालक

आईला स्कूटरने उडवलं ते ठाण्यात खोपटला, एसटी डेपोसमोर. मावशीला गावच्या गाडीत बसवून ती घरी परतत होती. स्कूटरवाला थांबला नाही. कडेला उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याने नंबर तेवढा पाहिला आणि आईला हॉस्पिटलात आणल्यावर केसपेपरच्या मागे पेनाने लिहून दिला. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती.

ऑपरेशननंतर मी पोलीस चौकीत गेले. तक्रार नोंदवलेली होती, गाडीच्या मालकाचं नाव-पत्ताही आरटीओकडून आला होता.

"नोटीस जाईल, मॅडम," हवालदार म्हणाले. "स्टाफ सगळा बंदोबस्ताला आहे."

कागद त्यांच्या टेबलावर उघडाच होता. डोंबिवली पूर्वेचा पत्ता मी उलटा वाचून पाठ केला.

रविवारी तिथे गेले. काय काय बोलायचं ते सगळं वाटेत जुळवलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं दार पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांनी उघडलं. एका डोळ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती. मी दारातच म्हटलं, "तुमच्या स्कूटरने माझ्या आईला पाडलंय."

त्यांना काही कळेना. मी नंबर सांगितला तेव्हा ते हळूच म्हणाले, "आत या. ती स्कूटर विकून मला सहा वर्षं झाली हो."

मला ते खरं वाटलं नाही. त्यांनी कपाटातून फाईल काढली. आरसीची झेरॉक्स, आणि कल्याणच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाची पावती. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख होती, दलालाचा शिक्का होता. विकत घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

"ट्रान्स्फरच्या फॉर्मवर मी सह्या करून दिल्या. तो म्हणाला, गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकू. मी विश्वास ठेवला."

पुढच्या आठवड्यात मी आणि ते काका कल्याणला गेलो. मी नको म्हणत होते, पण तेच म्हणाले, "माझंही नाव अडकलंय ना त्यात." दलालाच्या जागी मोबाईलच्या कव्हरचं दुकान होतं. दुकानदार त्याला ओळखतही नव्हता. शिक्क्यावरचा फोन नंबर बंद होता.

तिथून आरटीओत. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकून पाहिला. "मालक बदललेला नाही. पहिल्या मालकाच्याच नावावर आहे."

"पण माझ्याकडे गाडी नाहीये," काका म्हणाले.

"मग कोणाकडे आहे?"

"तेच शोधायला आलोय आम्ही."

बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. काकांचं नाव, काकांचा पत्ता. त्यापुढे काहीच नव्हतं. सहा वर्षं कोणीतरी ती स्कूटर चालवत होतं आणि सरकारदरबारी त्या माणसाचा मागमूस नव्हता. "ज्यांच्या नावावर, त्यांचीच जबाबदारी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. आमच्या मागे रांग होती.

महिन्याभराने काकांचा फोन आला. चौकीत दोनदा बोलावून दिवसभर बसवून ठेवलं होतं. "तुम्ही एकदा सांगाल का त्यांना? मी पावती दाखवली, पण तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

मी गेले, सांगितलं. हवालदारांनी ऐकून घेतलं. "मॅडम, तक्रार तुमचीच आहे ना? गाडी कोण चालवत होतं ते मालकाने सांगायचं. नाही सांगितलं तर आम्ही कोणाला धरायचं?"

काकांना काय कळवायचं ते ठरेना, म्हणून मी कळवलंच नाही. नंतर त्यांचे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत.

त्याच सुमारास भावाने वकील गाठला. आईचं दुसरं ऑपरेशन करावं लागणार होतं आणि भरपाईचा दावा लावायचा होता. वकिलाने कागद चाळले. गाडीचा विमा नव्हता. "रेकॉर्डवर जो मालक, त्यालाच प्रतिवादी करावं लागेल."

"त्यांनी विकलीय ती. मी पावती पाहिलीय," मी म्हटलं.

"मग खरा चालवणारा आणून द्या. त्याला करू."

भाऊ म्हणाला, "ताई, तो चांगला माणूस असेल. पण आईचं काय?"

आईनेच अर्जावर सही केली. मी कागद धरला होता. पहिल्याच पानावर काकांचं पूर्ण नाव होतं. आईने विचारलं, "हाच का तो, मला पाडणारा?" मी नाही म्हटलं. मग हा कोण, असं तिने विचारलं नाही.

ठाण्याच्या कोर्टात पहिल्या तारखेला ते एकटेच आले होते, तीच फाईल घेऊन. मी खांबाआड सरकले, पण त्यांनी पाहिलं होतं. ते जवळ आले. मला वाटलं, आता बोलतील.

"आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. "चालतात का?"

"वॉकर घेऊन. घरातल्या घरात."

"हं," म्हणाले, आणि चष्मा सारखा करून भिंतीवरच्या यादीत आपलं नाव शोधू लागले.