दोराखालची तार

सीताराम ओव्हाळ सर सरळ माणूस होते, आणि सरळ माणसाबरोबर काम करणं किती जिवावर येतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी दर रविवारी सकाळी नारायण पेठेतून लूना दामटत खडकीला जायची. तिथे कारखान्याच्या क्वार्टर्समागच्या मैदानावर आमचं स्काऊट-गाईडचं पथक भरायचं. मुलगे सरांकडे, मुली माझ्याकडे. मला उशीर झाला तर सर मला काही बोलत नसत. मुलींना म्हणत, "सुनीतीबाई येईपर्यंत तुम्ही सावलीत बसा." आभाळ भरून आलेलं असलं तरी सावलीत बसा. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी चार सुनावून मोकळी झाले असते.

आठवडाभर ते कारखान्यात फिटर आणि रविवारी राखाडी शर्ट, निळी पँट, गळ्यात स्कार्फ. त्या शर्टाला त्यांची बायको चंद्रभागा अशी कडक इस्त्री करायची की सर वाकले तरी शर्ट वाकायचा नाही. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. सर म्हणायचे, "खोटं बोलायचं नाही हे आमच्या पंचशीलात आहे, बाई, आणि स्काऊट विश्वसनीय असतो हा स्काऊटचाही पहिलाच नियम आहे. मी दोन्हीकडून बांधलेला माणूस आहे." असं बोलून ते स्वतःच हसत. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटायचं.

सरांचा खरा जीव बांबू आणि दोरात होता. स्काऊटच्या मेळाव्यात प्रत्येक पथक आपल्या तंबूपुढे बांबूची कमान उभारतं. खिळा नाही, तार नाही, नुसता दोर. दोन बांबू एकमेकांवर आडवे धरायचे आणि दोराचे वेढे असे आवळायचे की वर माणूस उभा राहिला तरी सांधा हलता कामा नये. आमच्या पथकाची कमान म्हणजे दुमजली काम. वर मचाण, मचाणावर एक मुलगा पाहुण्यांना सॅल्यूट करायला. आणि सरांचा एक दंडक होता. मेळावा संपला की दोर कापायचा नाही, सोडायचा. ज्याने जो सांधा बांधला त्यानेच तो सोडायचा, दोर गुंडाळायचा आणि मगच घरी जायचं. बाकीची पथकं विळ्याने दोर सपासप कापून मोकळी व्हायची. आमची मुलं अंधार पडेपर्यंत नखं झिजवत बसायची. कमानीची ढाल मात्र वर्षानुवर्षं खडकीतच यायची.

मग कॉम्प्युटरचे दिवस आले. सन दोन हजार लागताना जगातली सगळी यंत्रं बंद पडणार अशी आवई होती, आणि ती बंद पडू नयेत म्हणून प्रत्येक आईबापाला आपलं पोरगं क्लासला घालायचं होतं. रविवार सकाळची बॅच म्हणे स्वस्त पडायची. आमच्या मैदानावरची मुलं दर महिन्याला कमी दिसू लागली. जी राहिली तीही डोकं भलतीकडे ठेवून यायची. दोराचा सराव करा म्हटलं तर घड्याळाकडे बघायची. एका आईने मला विचारलंही, "हे गाठी मारायचं पुढे कशात कामाला येतं हो, बाई?" मी म्हटलं, "सुटत नाहीत तेव्हा कळतं." ती हसली आणि पुढच्या रविवारी मुलाला क्लासला घेऊन गेली.

त्या हिवाळ्यातला मेळावा शहरातल्या एका शाळेच्या मैदानावर होता. पाहुणे एका सॉफ्टवेअर कंपनीचे कोणी साहेब. कमान उभी राहिली खरी, पण मला बाईमाणसालासुद्धा दिसत होतं की तिला बळ नाही. मचाणाखालचा मुख्य सांधा सौमित्रने बांधला होता. सौमित्र हा खडकी बाजारातल्या दिगंबर हार्डवेअरवाल्यांचा मुलगा. शांत, कामाला हळू, पण मन लावून करणारा. त्या दिवशी मात्र त्याचा दोर ढिला पडला होता. मुलं जेवायला गेली, मीही मुलींना घेऊन गेले. परत आलो तर कमान अशी ताठ उभी की बघत राहावं. मला वाटलं, सरांनी दोर आवळून घेतला असेल.

परीक्षक आले, मचाणाला लोंबकळले, सांधा हलवून बघितला. हलेना. "ही बांधणी कोणाची?" त्यांनी विचारलं. संघनायक राकेश ओरडला, "सौमित्रची, सर!" सौमित्रने आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ढाल आमच्याकडे आली. पाहुण्यांनी 'टीमवर्क' या विषयावर इंग्रजीतून भाषण केलं, ते आमच्या अर्ध्या मुलांना कळलं नाही आणि बाकीच्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी कमान सोडायची वेळ आली. सर म्हणाले, "आज दमलात. तुम्ही निघा, मी सोडतो." मुलं थांबली. सरांनीच घालून दिलेला दंडक, तो सर कसा मोडतील? राकेश म्हणाला, "नाही सर, ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं." आणि सगळे कमानीवर चढले. सौमित्र तेवढा खालीच उभा. शेवटी राकेशच त्याच्या सांध्याला भिडला. वेढे एकेक सुटत गेले आणि दोराच्या पोटातून तार निघाली. सळया बांधायची काळी तार, पक्कडीने पिळून घट्ट केलेली.

"सर, तार!"

कोणीतरी म्हणालं, "याच्या बाबांच्या दुकानात असली तार किलोवर मिळते." दुसरा म्हणाला, "म्हणून हलत नव्हती होय! चीटिंग!" सगळी मुलं सौमित्रकडे वळली. तो पुन्हा सरांकडे पाहत राहिला.

सर म्हणाले, "असू दे. झालं ते झालं. दोर गुंडाळा."

येताना बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच, सर किती मोठ्या मनाचे, चोरी पकडली तरी पोराला एक शब्द बोलले नाहीत. सौमित्र मागच्या सीटवर एकटा बसला होता. त्याने स्कार्फ काढून खिशात कोंबला होता. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मग एके दिवशी चंद्रभागा मैदानावर आली. ती वाघोलीकडची, बोलणं अजून गावाकडचंच. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, यांना काय झालंय बघा की. जेवत न्हाईत. आजारी हायेत म्हणावं तर ताप न्हाई. ती ढाल भिंतीकडं तोंड करून ठेवलीया. मी सरळ केली तर मला खेकसले. कदी खेकसत न्हाईत ओ ते."

मी सरांना विचारलं. ते बराच वेळ हातातला दोर उलगडत आणि गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तार मी लावली होती, बाई."

मला खरंच वाटेना. मुलं जेवायला गेली तेव्हा त्यांनी शेजारच्या मांडववाल्याकडून तार आणि पक्कड मागून घेतली होती. सौमित्रचा दोर सोडला, तार पिळली, वरून दोर पुन्हा तसाच गुंडाळला. फिटरचा हात तो, पाच मिनिटांचं काम.

"पोरगं मचाणावरून पडेल म्हणून करतोय, असं मी मनाला सांगितलं," सर म्हणाले. "पण तेवढंच असतं तर मचाण उतरवलं असतं. मला ढाल पाहिजे होती. ढाल गेली तर उरलेली पोरंही जातील असं वाटलं. आणि तार निघाली तेव्हा तोंड उघडलं होतं हो मी. शब्द भलताच आला. लाज वाटते, बाई. आरशात बघून दाढी करायची लाज वाटते."

माझा संताप झाला होता. मी म्हटलं, "मग मला कशाला सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." हे बोलायला माझं काही जात नव्हतं, ते मला बोलता बोलताच कळलं, पण शब्द मागे घेण्याची आमच्या पेठेत पद्धत नाही.

त्यांनी सांगितलं. झेंड्याखाली सगळ्या पथकापुढे उभं राहून, आडपडदा न ठेवता सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली गेली ती वर आली नाही. मग राकेश म्हणाला, "पण सर, जिंकलो तर आपणच ना?" दुसऱ्या दिवशी त्याचे वडील सरांच्या घरी आले. "ढाल परत करायचं खूळ काढू नका, सर. पोरांच्या सर्टिफिकेटांचं काय? आजकाल कोण करत नाही?" सर ढाल घेऊन मेळावा भरवणाऱ्यांकडे गेले, तर तिथले गृहस्थ म्हणाले, "ओव्हाळ, तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा," आणि ढाल कपाटावर ठेवून चहा मागवला. माणूस लाजेने मरत होता आणि जो तो त्याची समजूत घालत होता. मी माझ्या आयुष्यात इतकी निर्दय समजूत पाहिलेली नाही.

राहिला सौमित्र. चंद्रभागेच्या सांगण्यावरून मीही सरांबरोबर गेले. दुकानाच्या वरच घर होतं. दिगंबररावांनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "या. आमच्याच दुकानातल्या तारेचे पैसे द्यायला आलात वाटतं." पुणेरी माणूस घर बदलून खडकीला गेला तरी जीभ पेठेतच राहते.

सर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "तार मी लावली होती. सौमित्रचा काही संबंध नाही."

दिगंबररावांचा चेहरा उतरला. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "अहो, मी मारलं त्याला. दुकानातून तार चोरली म्हणून पट्ट्याने मारलं. तो 'नाही' म्हणाला, एवढंच. दुसरं काहीच बोलला नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात सौमित्र येऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं असावं. सर त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले, बापाच्या वयाच्या माणसाने, मुलाला.

"सौमित्र, माझं चुकलं. तार मी लावली."

"माहीत आहे सर," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं. डबा विसरलो म्हणून परत आलो होतो तेव्हा."

दिगंबरराव म्हणाले, "अरे मग बोलला का नाहीस? मी मारत होतो तेव्हा तरी!"

तो बापाला म्हणाला, "तुम्ही सरांना बोलला असता." मग सरांकडे वळला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आणि मैदानावर मी गप्प राहिलो कारण मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही सांगणारच, म्हणून मी थांबलो होतो."

पुढे सौमित्र पथकात आला नाही. त्याच्यावर राग धरायचा हक्क आम्हाला नव्हता. शिकला, खराडीला नोकरीला लागला, रस्त्यात भेटला तर मला वाकून नमस्कार करतो आणि सरांची चौकशी करतो.

सरांनी पथक सोडलं नाही. मी समजत होते सोडतील. त्याऐवजी दरवर्षी नवी मुलं आली की पहिल्याच रविवारी, गाठ शिकवण्याआधी, ते ही गोष्ट सांगू लागले, स्वतःचं नाव घेऊन. काही आईबापांना ते विचित्र वाटे. एकदोघांनी मुलं काढूनही घेतली. सर सगळं सांगत. तार, टाळ्या, 'झालं ते झालं', पट्टा, सगळं. सौमित्र दारात येऊन उभा राहिला इथपर्यंत आले की ते थांबायचे. मग ते माझ्याकडे न बघता म्हणत, "पुढचं तुम्ही सांगा, बाई."

मी मुलांना सांगायची, "तो म्हणाला, तुम्ही सांगाल म्हणून मी थांबलो होतो." माझं बोलून होईपर्यंत सर मुलांपुढे मान खाली घालून उभे असायचे.