तीनपैकी शून्य

इस्पितळाच्या तळघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या गृहस्थांना सगळे घडीवाले म्हणत. तेवीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे इतके कुरकुरू लागले होते, की ते जिना चढू लागले की वरच्या नर्सला आधीच वर्दी मिळे. कागदपत्रांच्या खोलीतल्या कारकुनाची जागा रिकामी होणार हे कळलं, तेव्हा त्यांना दिसली ती फक्त तिथली खुर्ची. साहेब म्हणाले, चार महिन्यांत नोंदी ठेवण्याचं प्रमाणपत्र आणा, जागा तुमची.

मोबाइलवर अभ्यासक्रम सापडला. दूरच्या विद्यापीठाचा, तोही फुकट. एकेचाळीस हजार विद्यार्थी! घडीवाले भेटेल त्याला आकडा सांगत सुटले. बायको म्हणाली, "एवढ्यांत तुम्हाला फळा दिसायचा कसा?"

पहिल्याच धड्यात प्राध्यापक म्हणाले, आपापल्या गतीनं शिका. घडीवाल्यांनी ते मनावर घेतलं. रोगी कूस बदलतो म्हणून ते चादरीला दोन्ही बाजूंनी इस्त्री करत. तसाच प्रत्येक धडा दोनदा ऐकला. तळघरात रेंज यायची ती झरोक्याखाली, त्यामुळे खुर्चीसाठीचं शिक्षणही उभ्यानंच झालं.

शेवटी एक नमुना नोंदवही करून पाठवायची होती. ती तपासणार तीन सहविद्यार्थी, आणि आपणही तिघांची तपासायची. आधीच्या विद्यार्थ्यांच्या अकरा वह्या तपासणीविना पडून होत्या. घडीवाल्यांनी अकराही तपासल्या, प्रत्येकीखाली चार आपुलकीचे शब्द लिहिले. वहीवाले मात्र केव्हाच अभ्यास सोडून गेले होते. घडीवाल्यांच्या वहीपुढे रोज तेच यायचं : तपासणी, तीनपैकी शून्य.

मुदतीला नऊ दिवस उरले. बायकोनं हात पुढे केला. "द्या इकडे, मी घालते मार्क."

त्यासाठी तिला आधी सगळे धडे करावे लागले असते. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली.

विद्यापीठाला लिहिलं, तर चर्चागटात विचारा असं उत्तर क्षणात आलं. गटातला शेवटचा निरोप दोन महिन्यांपूर्वीचा होता : "कोणी आहे का?"

घडीवाल्यांनी खाली लिहिलं, "मी आहे."

पुढं कोणीच काही लिहिलं नाही.

मुदतीच्या दिवशी त्यांनी मोबाइल साहेबांपुढे धरला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "अहो, इथं अपूर्ण म्हटलंय. मी तरी काय करू?"

जागा दुसऱ्याला गेली. आठवड्यानं त्या खुर्चीची खोळ धुवून इस्त्रीला खाली आली. घडीवाल्यांनी ती टेबलावर पसरली, बाहेरच्या बाजूनं इस्त्री फिरवली. मग उलटी केली आणि कोणाला कधीच दिसणार नाही त्या बाजूनंही, सावकाश, कडेपर्यंत इस्त्री केली.